चराईची नाडी पाहणारे बळीरामजी

आदरणीय बळीरामजी रामटेके यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असा समितीचा आग्रह झाला तेव्हा मी एकच अट घातली. मी त्यांना ‘अजातशत्रू’ म्हणणार नाही. असल्या ग्रंथांत प्रत्येक सत्कारमूर्ती अजातशत्रूच असते. बळीरामजींच्या बाबतीत मात्र ते धडधडीत खोटे ठरेल, कारण सुरुवातीचे वर्षभर त्यांच्याशी कडाकडा भांडणारा माणूस मीच होतो. समितीने अट मान्य केली, आता वाचकांनी सोसावे.

राज्याची फेररचना होऊन नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि आमचे बालाघाट मध्यप्रदेशात राहिले, त्यानंतरच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी परसवाड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. पावसाच्या आधी गुरांना घटसर्पाची लस टोचावी म्हणून सायकल हाणत कोसमटोल्याला निघालो होतो. गाव जवळ आले तसे रस्त्याच्या कडेला गायरान लागले. तिथले लोक त्याला चराईच म्हणतात. त्या उघड्या, लाल मुरमाड उतारावर भर उन्हात एक गृहस्थ पालथे पडलेले दिसले. पांढरा शर्ट, खाकी पँट, डोक्यावरची टोपी बाजूला. ऊन लागून कोसळले असावेत, असे वाटून मी सायकल टाकली आणि धावत जाऊन त्यांचे मनगट धरले. नाडी ठणठणीत होती. मान न वळवता ते म्हणाले, “पाय उचला जी. मुंग्यांच्या रस्त्यावर उभे आहा तुम्ही.”

मी पाय उचलला. खरोखरच मुंग्यांची रांग होती आणि प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी बारीक होते. ते उठून बसले, चेहऱ्यावर मुरूम चिकटलेला, आणि हर्षभराने म्हणाले, “बी नेऊन राहिल्या पाहा. मारवेल गवताचं बी. वरून टक्कल दिसते, पण इथं अजून बी आहे. म्हंजे जमीन मेली नाही.” मी मनात म्हटले, हा इसम उन्हाने नाही तर दुसऱ्याच कशाने बाधित आहे. बळीरामजींची आणि माझी ओळख झाली ती ही अशी.

ते भूसंधारण खात्यात होते. मूळचे तुमसरकडचे, घरची गरिबी, शिष्यवृत्तीवर शेतकी शाळेत शिकलेले. फेररचनेच्या वेळी नोकरदारांना इकडचे की तिकडचे, अशी निवड करता येत होती. त्यांचे बहुतेक सोबती सामान बांधून नागपूरकडे गेले. सगेसोयरे तिकडे, भाषा तिकडे, शिवाय त्याच सुमारास त्यांच्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारलेला, म्हणजे समाजाचे सारे उठणे-बसणेही तिकडेच. तरी बळीरामजी इथेच राहिले. का, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, “ज्या जमिनी अर्ध्या पाहून झाल्या त्या सोडून कसा जाऊ? मातीले कुठं ऑप्शन भेटते?” पुढे त्यांनी आयुष्यभर अहवाल हिंदीत लिहिले, हिशेब मराठीत केला आणि मातीशी मात्र आपल्या आईच्या बोलीतच बोलले. हो, ते मातीशी बोलत. मी ऐकले आहे.

भांडण कशावरून? तर कोसमटोल्याच्या त्या चराईवरून. चराईचा एक भाग पावसाळाभर पूर्ण बंद ठेवायचा आणि गवताचे बी पिकून झडेपर्यंत तिथे एकही जनावर घालायचे नाही, असा त्यांचा बेत होता. मी जनावरांचा डॉक्टर. बरगड्या मोजता येतील अशा गायी माझ्यासमोर उभ्या असताना हे गृहस्थ गवत राखायला सांगत होते. “तुमच्या मातीचं पोट भरेपर्यंत माझ्या गायींनी काय हवा खायची?” असे मी चारचौघांत त्यांना विचारले होते. ते चिडले नाहीत. मला हाताला धरून चराईवर घेऊन गेले आणि गवताचा एक ठोंब दाखवला. तो ठोंब बोटभर उंचीच्या मातीच्या ओट्यावर उभा होता, मुळ्या उघड्या पडलेल्या. मला वाटले, गवत उंच वाढले आहे. ते म्हणाले, “गवत वाढलं नाही डाक्टर साहेब. आजूबाजूची जमीन खाली गेली. जेवढा हा ओटा, तेवढी माती नाल्यात गेली.” त्या दिवशी पटले, पण कबूल करायला मला आणखी काही महिने लागले. स्वभावाला औषध नाही.

त्यांची जमीन तपासण्याची रीत आमच्या रोगी तपासण्यासारखी होती. आधी नुसते पाहायचे. कुसळी किती, मारवेल किती, तरोटा कुठे माजला आहे. तरोटा माजला म्हणजे चराई जास्त झाली. मग शेणाचा पोवटा उलटायचा. खाली शेणकिड्यांची भोके असली तर गडी खूश. मग वरची खपली नखाने उचलायची, ढेकूळ फोडायचे, वास घ्यायचा. प्रयोगशाळेत ते नमुने पाठवत, उत्तरे आली की नीट वाचतही, पण म्हणत, “तिथून निकाल येईपर्यंत जमिनीले विचारत राहायला काय हरकत आहे?” सौभाग्यवती अनसूयाबाई, आम्हा सर्वांच्या वहिनी, या सवयीला फार कावलेल्या असत. “यांचा शर्ट धुवायले घेतला का आधी खिशातलं वावर रिकामं करा लागते,” असे त्या मला पातोडीचा रस्सा वाढता वाढता सांगत आणि बळीरामजी मान खाली घालून जेवत.

चराई वाचवण्याची घाई का होती, तेही सांगायला हवे. सरकारी कागदांत ती जमीन ‘बरड’, म्हणजे निकामी, अशी नोंदली जाऊन नांगरटीसाठी वाटून द्यावी, असा प्रस्ताव तालुक्याला गेला होता. आधीच पातळ मुरमाड माती, त्यात उतार. नांगर लागला असता तर काही पावसाळ्यांत खडक उघडा पडला असता. शेतवाल्यांचे कसेही भागले असते. खरा प्रश्न होता तो ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही पण दारात एक गाय आहे, अशा घरांचा. आणि सोमाजीचा. सोमाजी हा गावचा गायकी, म्हणजे सकाळी साऱ्या गावाची जनावरे आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या गुरांच्या तळावर, गोळा करून चारायला नेणारा. त्याने एकदा माझ्या दवाखान्याच्या पायरीवर बसून सांगितले, “चराई गेली तं गायी घरी बांधून ठेवा लागन, साहेब. गाय बांधली तं गायकी कायले पायजे? बापानं हेच केलं, आज्यानं हेच केलं. मले दुसरं काई येत नाई.” बळीरामजींनी तालुक्याला लिहून दोन पावसाळ्यांची मुदत मागितली. वरिष्ठांनी ती दिली, पण कुरकुरत. जमीन सुधारली नाही तर तुमच्या अहवालांना पुढे कोण विचारणार, असेही त्यांना ऐकवले गेले.

काट्यांचे कुंपण घातले गेले. शेणाचा वाद झाला. बंद भागातले शेण तिथेच राहू द्या, असे त्यांनी सांगताच बायामाणसे उसळली, कारण गोवऱ्या थापायच्या कशाच्या? अखेर आखरावरचे शेण बायांचे आणि चराईवरचे चराईचे, अशी वाटणी ठरली. उतारावर आडव्या काट्यांच्या ओळी टाकल्या गेल्या, म्हणजे वाहते पाणी थबकेल आणि पालापाचोळा तिथे अडेल. हे सारे चालू असताना जमिनीत किती मुरते ते ओतून पाहायला पाणी लागे. ते पाणी बळीरामजी स्वतः नाल्यावरून आणत. गावची विहीर जवळ होती. तरी ते नाल्यावर का जात, हे सांगायची गरज नाही. तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे. माझे डोके फिरले, मी विहिरीवर जाऊन तमाशा करायला निघालो होतो. त्यांनी मला अडवले. “मले पाणी मातीले पाजायचं आहे. भांडण मग करू, ते कुठं पळून चाललं?” मला त्यांचा हा सोशिकपणा तेव्हाही आवडला नाही आणि आजही सर्वस्वी आवडत नाही. पण ते भित्रे नव्हते, एवढे मी छातीठोक सांगतो.

त्यांच्या चांगुलपणाचा एकच प्रसंग सांगतो. दुसऱ्या पावसाळ्यात सोमाजी तापाने अंथरुणाला खिळला. गावाची जनावरे मोकाट झाली असती तर बंद भाग एका दिवसात फस्त झाला असता. बळीरामजींनी रजा टाकली, धोतर खोचले, पावसापासून बचावाला डोक्यावर मोऱ्याची, म्हणजे बांबू-पानांची, टोपली उलटी घातली आणि सोमाजीची काठी घेऊन स्वतः जनावरे राखली. सरकारी नोकर गावाच्या गायी चारतो आहे, हे पाहायला परसवाड्याच्या बाजारातले लोक वाकडी वाट करून येत. एक खट्याळ कालवड त्यांना हूल देऊन गावप्रमुख पटेलांच्या धानाच्या पऱ्ह्यात, रोपांच्या वाफ्यात, घुसली, तेव्हा हे पटेलांच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले आणि चिखलात उतरून तुडवलेली रोपे त्यांनी स्वतः सरळ केली. सोमाजी बरा होऊन परत आला तो रडतच. बळीरामजी त्याला म्हणाले, “तुझी ती लाल कालवड फार डांबरट आहे हं.” विषय संपला.

मुदत संपली. पाऊस सरला, बी झडले आणि तहसीलदारसाहेब काही अधिकाऱ्यांसह पाहणीला येणार, असा निरोप आला. बंद भागात गुडघ्यापर्यंत गवत उभे होते. खाली पाचोळ्याचा थर, जागोजाग शेण, त्यात किडे. मला तर वाटले, आता काही बोलायचीच गरज नाही, चराई आपली साक्ष आपणच देईल. मी आणि बळीरामजी साहेबांना आणायला बैहरला गेलो. दुसऱ्या दिवशी जीप कोसमटोल्याच्या वळणावर आली आणि बळीरामजींच्या तोंडून नुसता “अरे” एवढाच शब्द निघाला.

चराई चकाचक होती. आमच्याकडे दिवाळीच्या आधी अंगण छिलतात, सारवतात. मोठे साहेब येणार म्हणजे गावाने अंगण साफ करायला नको? साऱ्या गावाने मिळून विळ्यांनी गवत बुडापासून कापले, खराट्यांनी पाचोळा झाडला, टोपल्यांनी शेण उचलले. कडेच्या दगडांना चुना फासला. मधोमध आंब्याच्या पानांचे तोरण बांधले. दोन पावसाळे डोळ्यांत तेल घालून राखलेला पुरावा प्रेमाने झाडून टाकला. पटेल हात जोडून पुढे आले आणि अभिमानाने म्हणाले, “साहेब, एक काडी ठेवली नाई.” सोमाजीही मागे नवे धोतर नेसून हसत उभा. कुणाचा डाव नव्हता, दुष्टपणा नव्हता. मी आयुष्यात इतका हताश कधी झालो नव्हतो.

तहसीलदारसाहेब जबलपूरकडचे, नेमके बोलणारे. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. “रामटेकेजी, यहाँ तो कुछ भी नहीं है.” सोबतच्या एका अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. सोमाजीचे हसू तेवढ्यात मावळले. आपण काय करून बसलो हे त्याला सर्वांत आधी कळले.

 बळीरामजींनी जीपमधून तुपाचे दोन रिकामे डबे काढले. दोन्ही बाजूंची झाकणे कापलेले, बिनबुडाचे. या डब्यांना आम्ही सारे हसत असू. “साहब, घास कटी है, ज़मीन नहीं कटी. दस मिनट दीजिए.” एक डबा त्यांनी कुंपणाबाहेर, रोज चरल्या जाणाऱ्या भागात जमिनीत ठोकला. दुसरा आत, त्या झाडलेल्या जागेत. वाटेत नाल्यावरून जीपमध्ये भरून आणलेले पाणी आधी बाहेरच्या डब्यात ओतले. पाणी गढूळ झाले आणि तसेच उभे राहिले. त्यात साहेबांचा चेहरा दिसत होता. आतल्या डब्यात ओतले तर सर्वांच्या देखत पाणी खाली खाली गेले आणि ओली माती उरली. तहसीलदार उकिडवे बसले. “और डालिए.” पुन्हा ओतले, पुन्हा गेले. “और.”

पाणी संपले होते. नाला लांब. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा पटलीणबाई, पटेलांच्या पत्नी, पुढे आल्या. साहेबांच्या चहासाठी विहिरीवरून आणलेला पितळेचा गुंड त्यांनी डोक्यावरून उतरवला आणि थेट बळीरामजींच्या हातात दिला. “घ्या भाऊ. लागन तेवढं घ्या.” कोणी अडवले नाही. पटेलांनीही नाही. बळीरामजींनी तो गुंड दोन्ही हातांनी घेतला आणि आतल्या डब्यात पाणी ओतले.

ते पाणीही जमिनीने पिऊन टाकले. मग त्यांनी दोन्हीकडची दोन ढेकळे दोन पेल्यांत पाण्यात सोडली. बाहेरचे विरघळून गाळ झाले. आतले तसेच राहिले, बारीक मुळ्यांनी बांधलेले. तहसीलदारांनी ते हातात घेतले, उलटसुलट केले, चक्क हुंगले. “दो बरसात में?” त्यांनी विचारले. “जी. और दो दीजिए, तो डब्बे की ज़रूरत नहीं पड़ेगी,” बळीरामजी म्हणाले. जमीन चराई म्हणूनच राहील आणि बंद-उघडीचा क्रम गावाने पाळावा, असा शेरा तिथेच जीपच्या बॉनेटवर लिहिला गेला. सोमाजी चुना फासलेल्या एका दगडावर मटकन बसला आणि त्याचे नवे धोतर मागून पांढरे झाले. जीप गेल्यावर बळीरामजी पटेलांना एवढेच म्हणाले, “अंगण साफ ठेवा पटेल. चराईले अंगण समजू नका.” आणि मग इतके हसले, इतके हसले की डोळे पुसायला त्यांनी माझा रुमाल मागितला. ते सारे अश्रू हसण्याचे नव्हते.

त्यानंतर बैहरच्या डोंगराळ गावांतून, वारासिवनीकडच्या धानपट्ट्यातून त्यांना बोलावणी येऊ लागली. कित्येक ठिकाणी जमले, काही ठिकाणी साफ फसले, आणि फसले तेही ते बैठकीत स्वतःहून सांगत. कोसमटोल्याशी मात्र त्यांचे नाते वेगळेच राहिले. दर वर्षी बी झडायच्या सुमारास ते तिथे जात, गवताचे तुरे तळहातावर चुरून बघत आणि म्हणत, “सोडा.” मग बंद भागात गायी शिरत. निवृत्तीनंतरही हा रिवाज चालू राहिला. गेल्या वर्षी ते आजारी होते, बालाघाटला पडून होते. गावाने जनावरे अडवून धरली आणि सारे नुसती वाट पाहत बसले. हे कळल्यावर बळीरामजी त्या आजारातही संतापले. त्यांना रागावलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. बरे होताच गावी जाऊन त्यांनी सुनावले, “मी मेलो तं गायी उपाशी ठेवसान काय? मले काहून विचारता? जमिनीले विचारा.”

यंदा आम्ही दोघे बसने निघालो. बस वाटेत बिघडली, पोचायला दुपार टळली. फाट्यावर उतरलो तर चराईकडून घंटांचे आवाज ऐकू आले. “अहो, सोडली की काय यांनी!” मी म्हणालो. बळीरामजी भराभर चालू लागले, या वयात, मला मागे टाकून. बंद भागात गायी निवांत चरत होत्या. सोमाजी आता थकला आहे. काठी घेऊन त्याची सून सगुणा उभी होती. ती पदर सावरून म्हणाली, “वाट नाई पाह्यली जी. तुरे चुरून पाह्यले, बी झडलं होतं. खाली ओल बी पाह्यली. मंग सोडल्या. पन वरच्या अंगाले नाई सोडल्या. तिथं अजून दम नाई.”

बळीरामजी वरच्या अंगाला गेले. गुडघ्यावर बसले, खपली उचलली, बराच वेळ पाहिले. परत आले आणि सगुणेला म्हणाले, “बरोबर हाय बाई.” एवढेच. मग बांधावर बसून त्यांनी वहिनींनी दिलेली शिदोरी सोडली आणि मला चेष्टेची लहर आली. मी म्हटले, “आता तुमचं इथं काय काम उरलं, बळीरामजी?”

त्यांनी गायींकडे पाहिले. “काहीच नाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी कुठल्याही सत्कारात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

म्हणून या ग्रंथाच्या निमित्ताने माझे एवढेच मागणे. आमच्या बळीरामजींना उदंड आयुष्य लाभो, वहिनींची साथ लाभो, गुडघे शाबूत राहोत, दृष्टी निर्मळ राहो. दर वर्षी आम्ही दोघांनी त्या बसने जावे, तिने वाटेत हवे तितके बिघडावे. आणि कोसमटोल्यात त्यांना यापुढे कधीही, काहीही काम न मिळो.